‘स्यात्’ आणि व्याघात

एकच वस्तू ‘आहे’ आणि ‘नाही’ असे म्हणणारा स्याद्वाद स्वतःचेच म्हणणे खोडतो, हा आक्षेप जुना आहे. शंकराचार्यांनीही ब्रह्मसूत्रभाष्यात तो घेतला. आधुनिक तर्कशास्त्राच्या कसोटीवर तो टिकतो का?

तर्कशास्त्रात ‘प आणि प-नाही’ या विधानाला व्याघात म्हणतात. प सत्य माना वा असत्य, सत्यतासारणीच्या दोन्ही ओळींत त्याचे मूल्य असत्यच येते. व्याघात एकदा मान्य केला की काहीही सिद्ध होते. ‘रक्कम दिली’ हे सत्य, म्हणून ‘रक्कम दिली किंवा दुकान माझे’ हेही सत्य. त्यातच ‘रक्कम दिली नाही’ हेही मान्य असेल तर पहिला पर्याय गळतो आणि ‘दुकान माझे’ एवढेच उरते!

आचार्यांनी हा धोका ओळखला होता. ‘स्यात्’ म्हणजे ‘कदाचित’ नव्हे; ‘विशिष्ट अपेक्षेने’ असा त्याचा अर्थ. मल्लिषेणसूरींच्या स्याद्वादमंजरीतील घट पृथ्वीद्रव्याच्या अपेक्षेने आहे, जलद्रव्याच्या अपेक्षेने नाही. क्षेत्र, काल आणि भाव यांचेही तसेच. अपेक्षा बदलली की विधानही बदलते. मग व्याघात कोठला? अस्ति व नास्ति क्रमाने सांगता येतात. एकाच वेळी सांगू गेल्यास ‘अवक्तव्य’ म्हणावे लागते. या तीन मूळ भंगांच्या संयोगांतून सप्तभंगी होते.

व्यापाऱ्याला हे नवे नाही. 31 मार्चला 50,000 रुपयांचा धनादेश दिला, तो वटला 3 एप्रिलला. वर्षअखेरीस आपल्या वहीत रक्कम गेलेली, बँकेच्या पासबुकात शिल्लक. दोन्ही नोंदी खऱ्या. मेळपत्रक त्यांची अपेक्षा स्पष्ट करते. परंतु धनादेश त्याच तारखेला त्याच खात्यात वटला आणि वटला नाही, या दोन नोंदींपैकी एक खोटीच.

भावाभावांच्या भागीदारीत वाद उठला की ‘आपण अनेकांतवादी, दोघांचेही खरे’ असे म्हणून हिशेब मिटवला जातो. त्याने वाद मिटत नाही, पुढच्या पिढीच्या माथी पडतो. अनेकांत पहिला प्रश्न विचारायला शिकवतो: कोणत्या अपेक्षेने? उत्तरे भिन्न असतील तर दोघांनी परस्परांचे ऐकावे. उत्तर एकच असेल तर वही उघडावी आणि जे असत्य ठरेल ते सोडावे. सत्य अणुव्रताचे पालन याहून वेगळे नाही.