माझ्या लॅपटॉपवर चालतं, मग सर्व्हरवर बिल्ड का फुटतो?

एका ओपन सोर्स प्रोजेक्टला मी पहिला पॅच पाठवला तेव्हाची गोष्ट. माझ्या लॅपटॉपवर बिल्ड व्यवस्थित व्हायचा, त्यांच्या सर्व्हरवर मात्र कधी पास, कधी फेल. एरर एकच: 'पार्सर.एच' फाइल सापडत नाही. पॅच दोन आठवडे अडकला आणि मी सर्व्हरलाच शिव्या घालत बसलो. चूक माझी होती.

मेक हे टूल स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्समध्ये लिहिलं. मेकफाइलमध्ये आपण त्याला सांगतो की हे टार्गेट बनवायचं आणि त्याआधी या या फाइल्स लागतील. हीच डिपेंडन्सी. लागणारी फाइल टार्गेटपेक्षा नवी असेल, तर मेक टार्गेट पुन्हा बनवतं. बस्स! तुमचा सी कोड उघडून ते बघत नाही.

माझी 'मेन.सी' फाइल 'पार्सर.एच' इन्क्लुड करत होती. ही हेडर फाइल बायसन नावाचं टूल बिल्ड चालू असतानाच तयार करायचं. 'मेन.ओ'च्या ओळीत मी तिचं नावच लिहिलं नव्हतं. लॅपटॉपवर एका वेळी एकच काम, त्यात पार्सरचा नंबर आधी, म्हणून नशिबाने जमून जायचं. सर्व्हरवर 'मेक -जे८', म्हणजे आठ कामं एकदम. एकटा माणूस कणीक मळूनच पोळी लाटतो. आठ जण स्वयंपाकघरात घुसले की कोणीतरी कणकेआधीच लाटणं घेऊन उभा!

असा घोळ पकडायची सोपी ट्रिक: 'मेक क्लीन' करा आणि मग फक्त 'मेक मेन.ओ' चालवा. फेल झालं तर डिपेंडन्सी राहिली आहे. मात्र क्लीनने ती हेडरही पुसली पाहिजे, नाहीतर जुनी फाइल तुम्हाला फसवेल (मला फसवलं). जीएनयू मेक ४.४ पासून '--शफल' पर्याय आहे, तो कामांचा क्रम मुद्दाम पिसतो.

कंपायलरचा '-एमएमडी' पर्याय हेडरची यादी आपोआप लिहितो हे खरं, पण ती यादी पहिल्या कंपाइलनंतर मिळते. पहिल्याच बिल्डला ती कामाची नाही. म्हणून 'मेन.ओ'पुढे 'पार्सर.एच' हाताने लिहिलं. एका ओळीचा बदल, आणि पॅच दुसऱ्या दिवशी मर्ज झाला.

लॅपटॉप नसेल तर फोनवर टर्मक्समध्ये मेक, क्लँग आणि बायसन टाकून हे करून बघा. आजकाल बहुतेक फोनमध्येही आठ कोअर असतातच.