दर २१ दिवसांचं इंजेक्शन

घसा दुखून दोन-तीन आठवडे होतात, घरात कुणाच्या लक्षातही राहत नाही, आणि मग शाळेत जाणाऱ्या पोराचा गुडघा सुजतो. गुडघा उतरतो न उतरतो तोच घोटा दुखायला लागतो, मग मनगट. अंगात ताप असतो. हा संधिवाताचा ताप, डॉक्टरांच्या भाषेत रुमॅटिक फीव्हर. तो बहुतेक पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना होतो. घशात शिरलेल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंशी लढता लढता शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटते. सांधे काही आठवड्यांत पूर्ववत होतात, हृदयाच्या झडपा मात्र होतीलच असं नाही. पुन्हा घसा आला, पुन्हा झटका आला की झडपांवर नवे वण पडतात. वणांनी झडप आखडते किंवा गळू लागते, आणि विशी-पंचविशीत माणसाला जिना चढताना धाप लागते. जगात या हृदयविकाराने दरवर्षी सुमारे तीन लाख माणसं दगावतात, आणि त्यांतली बहुतेक गरीब देशांतली असतात.

हे थांबवणारं औषध जुनं आणि स्वस्त आहे. बेन्झाथिन पेनिसिलिन, म्हणजे दवाखान्यात ज्याला सर्रास ‘पेनिड्युअर’ म्हणतात ते. मोठ्या मुलांना आणि प्रौढांना १२ लाख युनिटचा एक डोस स्नायूत देतात. तो तिथून हळूहळू रक्तात उतरत राहतो आणि साधारण तीन आठवडे घशात स्ट्रेप्टोकोकसला थारा देत नाही. आपल्याकडे म्हणूनच बहुतेक डॉक्टर २१ दिवसांची तारीख देतात. लहान वजनाच्या मुलांना ६ लाख युनिट पुरतात, त्यांच्या तारखा डॉक्टर वेगळ्या ठरवतात.

इतकं सरळ औषध, पण त्याच्याभोवती भीतीचं आणि ऐकीव गोष्टींचं जाळं मोठं आहे. त्या जाळ्यात अडकून मुलं इंजेक्शन मध्येच सोडतात, याचं मला फार वाईट वाटतं. कारण भीतीतला काही भाग खरा आहे, आणि जो खरा आहे त्यावर उपाय आहेत.

“पेनिसिलिनची रिॲक्शन येते, माणूस जागच्या जागी जातो”

रिॲक्शन येऊ शकते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ती किती वेळा येते? ११ देशांतल्या रुग्णांवर नजर ठेवून केलेला एक मोठा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १,७९० रुग्णांना मिळून ३२,४३० इंजेक्शनं दिली गेली. ५७ जणांना कुठली ना कुठली ॲलर्जी झाली. जिवावर बेतू शकणारी तीव्र ॲलर्जी, म्हणजे ॲनाफिलॅक्सिस, चौघांना झाली आणि एक रुग्ण दगावला. दहा हजार इंजेक्शनांमागे तीव्र रिॲक्शनची साधारण एक घटना, असा त्याचा हिशेब होतो. इंजेक्शनाअभावी पुन्हा पुन्हा झटके येऊन झडप निकामी होण्याचा धोका याच्या कितीतरी पुढे आहे.

दुसरी गोष्ट अलीकडे स्पष्ट होत गेली आहे आणि ती रुग्णांपर्यंत पोहोचायलाच हवी. इंजेक्शननंतर झालेल्या मृत्यूंची बारकाईने छाननी केल्यावर दिसलं, की त्यांतले बरेचसे ॲलर्जीचे नसावेत. ज्यांच्या झडपा आधीच फार खराब आहेत, त्यांना दुखण्याने आणि धास्तीने भोवळ येते, नाडी मंदावते, रक्तदाब कोसळतो. निरोगी हृदय यातून मिनिटभरात सावरतं, थकलेलं हृदय सावरत नाही. २०२२ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने याबद्दल खास सूचनापत्र काढलं. झडप खूप अरुंद झालेली किंवा खूप गळणारी असेल, हृदयाची रक्त पंप करण्याची ताकद घटली असेल, थोड्या हालचालीनेही धाप लागत असेल, तर अशा रुग्णांसाठी इंजेक्शनऐवजी पेनिसिलिनच्या गोळ्यांचा गांभीर्याने विचार करावा, असं त्यात सांगितलं आहे. तुमच्या इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टवर ‘सिव्हिअर’ हा शब्द असेल तर हा प्रश्न तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना अवश्य विचारा. मात्र हा बदल त्यांनी करायचा, आपण घरी परस्पर इंजेक्शन बंद करायचं नाही.

बाकीच्यांनीही काही साध्या गोष्टी सांभाळाव्यात. उपाशीपोटी जाऊ नये, थोडं खाऊन, पाणी पिऊन जावं. इंजेक्शन उभ्याने किंवा बाकावर बसून घेऊ नये, झोपून घ्यावं आणि नंतरही काही मिनिटं पडून राहावं. त्यानंतर किमान अर्धा तास दवाखान्याच्या आवारातच थांबावं. एसटी चुकेल म्हणून लगेच निघणारे खूप असतात. तीव्र ॲलर्जी बहुतेक वेळा याच अर्ध्या तासात डोकं वर काढते, आणि तेव्हा माणूस डॉक्टरांच्या नजरेसमोर हवा.

“टेस्ट केली, काही आलं नाही, म्हणजे निर्धास्त”

त्वचेत थेंबभर औषध टोचून पंधरा-वीस मिनिटांनी गांधी उठते का ते पाहायचं, ही चाचणी आपल्याकडे रूढ आहे. तिचा उपयोग आहे, पण ती हमीपत्र नाही. चाचणी निर्दोष आल्यावरही क्वचित रिॲक्शन येते, आणि फारच क्वचित चाचणीच्या थेंबानेही येते. शिवाय चाचणीला पाण्यात पूर्ण विरघळणारं साधं पेनिसिलिन लागतं, बेन्झाथिनचा तो पांढरा दाट गढूळ द्राव त्या कामाचा नाही.

खरी सुरक्षा असते ती ट्रेमध्ये तयार ठेवलेल्या ॲड्रेनलिनमध्ये. अंगावर पित्त उठलं, ओठ किंवा जीभ सुजली, घशाशी आवळल्यासारखं झालं, छातीत घरघर लागली, उलट्या होऊन गळून गेल्यासारखं वाटलं, तर मांडीच्या स्नायूत ॲड्रेनलिन, तेही ताबडतोब, हा पहिला उपचार. ॲलर्जीची इतर इंजेक्शनं आणि स्टिरॉइड यांची जागा त्यानंतरची. ती आधी देऊन वाट बघण्यात मोलाची मिनिटं जातात. “डॉक्टर, ॲड्रेनलिन आहे ना?” असं विचारण्यात उद्धटपणा काही नाही. चांगला डॉक्टर रागावणार नाही. आणि जिथे ते नाही, तिथे हे इंजेक्शन घेऊ नये. मेडिकलमधून बाटली आणून शेजारच्या ओळखीच्या माणसाकडून घरीच टोचून घेणं तर अजिबात नको.

याची उलटी बाजूही आहे. “आमच्या हिला पेनिसिलिन चालत नाही,” असं कितीतरी घरांत वर्षानुवर्षं सांगितलं जातं. खोदून विचारलं तर लहानपणी कधी पुरळ आलं होतं, कधी जुलाब झाले होते, कधी नुसती चक्कर आली होती. अमेरिकेत सुमारे दहा टक्के लोक स्वतःला पेनिसिलिनची ॲलर्जी असल्याचं सांगतात, पण रीतसर तपासल्यावर त्यांच्यातल्या नव्वद टक्क्यांहून अधिकांना ती नसते. खरी ॲलर्जी झालेल्यांपैकीही दहा वर्षांत सुमारे ऐंशी टक्क्यांची ती ओसरते. म्हणून तेव्हा नेमकं काय झालं होतं, औषधानंतर किती वेळाने झालं होतं, हे आठवून तपशिलाने सांगा. याचा अर्थ घरी घेऊन बघा असा मुळीच नाही. तपासणी जाणकार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवी. खरी ॲलर्जी निघाली तर दुसऱ्या गटातल्या गोळ्या असतात.

दुखतं, हे खरंच

दुखत नाही असं लहान मुलाला सांगू नये. हे इंजेक्शन दुखतं. द्राव दाट असतो, सुई जाड लागते, स्नायूत खोलवर द्यावं लागतं. पण दुखणं कमी करता येतं. फ्रिजमधून काढलेली बाटली आधी हातात धरून गारवा जाऊ द्यावा, स्पिरिट वाळू द्यावं, सुईआधी त्या जागी दहा सेकंद अंगठ्याने दाबून धरावं, आणि औषध घाई न करता दोन-तीन मिनिटांत हळूहळू सोडावं. काही ठिकाणी औषध कालवताना त्यात भूल देणारं लिग्नोकेन वापरतात, त्याने बराच फरक पडतो. ते तुमच्यासाठी योग्य आहे का, हे डॉक्टरांना विचारा. दर वेळी बाजू बदलून घ्यावी. पार्श्वभागावर देताना वरच्या बाहेरच्या भागातच द्यावं, कारण आतल्या बाजूने पायाकडे जाणारी मोठी नस असते.

आणि “शिरेतून द्या, म्हणजे दुखणार नाही,” हा आग्रह कुणीही कधीही धरू नये. शिरेतून देतात ते क्रिस्टलाइन पेनिसिलिन, ते वेगळं. बेन्झाथिन शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं.

“एएसओ वाढलाय, म्हणून इंजेक्शन सुरू केलंय”

हा गैरसमज रुग्णांचा कमी आणि आपल्या एकूण वैद्यकीय सवयींचा जास्त आहे. पाय दुखतात म्हणून मुलाचं रक्त तपासतात, एएसओ टायटर वाढलेला निघतो आणि ‘संधिवाताचा ताप’ हा शिक्का बसतो. वस्तुस्थिती अशी की एएसओ फक्त इतकंच सांगतो, की मागे कधीतरी या जंतूशी शरीराची गाठ पडली होती. शाळकरी वयात अशी गाठ बहुतेकांची पडते. त्यांतल्या फार थोड्यांना संधिवाताचा ताप येतो. निदानासाठी सांध्यांची सूज, हृदयाचा दाह, हातापायांच्या अनावर हालचाली अशी ठरावीक लक्षणं लागतात, आणि इको काढावा लागतो. नुसत्या एएसओवर वर्षानुवर्षं सुया सोसणारं मूल पाहिलं की जीव तुटतो. तसं झालं असेल तर बालरोगतज्ज्ञ किंवा हृदयरोगतज्ज्ञांचं दुसरं मत घ्या. इको नीट असला तरी निर्णय त्यांचाच.

“आता बरं वाटतंय, मग कशाला?”

हे इंजेक्शन आजचं दुखणं घालवण्यासाठी नसतंच, पुढचा झटका येऊ नये म्हणून असतं. त्यामुळे ‘फरक पडला नाही’ हीच त्याची अपेक्षित करामत. युगांडात ५ ते १७ वयाच्या, झडपांत नुकता बदल दिसू लागलेल्या ८१८ मुलांवर एक चाचणी झाली. दोन वर्षांनी इंजेक्शन घेणाऱ्या गटात तिघांचा आजार पुढे सरकला होता, न घेणाऱ्या गटात ३३ जणांचा.

किती वर्षं घ्यायचं, हे हृदयाला किती इजा झाली त्यावर ठरतं. हृदय वाचलं असेल तर साधारणपणे पाच वर्षं किंवा वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत, यांतलं जे लांबचं असेल ते. सौम्य इजा असेल तर दहा वर्षं किंवा पंचविशीपर्यंत. झडप जास्त खराब असेल तर चाळिशीपर्यंत किंवा जन्मभर. अरुंद झडप बलूनने उघडून घेतली किंवा झडप बदलली की सुटका झाली, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. उरलेल्या झडपा तुमच्याच आहेत आणि त्यांना झटक्यापासून जपायचं असतं.

गोळ्याही असतात, पण त्या रोज दोनदा, एकही न चुकवता घ्याव्या लागतात, आणि संरक्षणात त्या इंजेक्शनपेक्षा कमी पडतात. सोय म्हणून बदल करू नये.

“सवय लागते, पुढे लागू पडत नाही,” ही भीती या जंतूपुरती निराधार आहे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने पिंपरीत १९५४ मध्ये उभा राहिला, तो पेनिसिलिनसाठी. तेव्हापासून आजवर गट अ स्ट्रेप्टोकोकस, म्हणजे हाच जंतू, प्रत्यक्ष उपचारांत पेनिसिलिनला दाद देईनासा झालेला नाही. मात्र प्रत्येक घसादुखीला अँटिबायोटिक लागत नाही, बहुतेक वेळा ती विषाणूंमुळे होते. जंतूमुळे झालेली असेल, तर पहिल्या नऊ दिवसांत उपचार सुरू झाले तरी संधिवाताचा ताप टळतो.

मुलीचं लग्न ठरलं की

हा भाग लिहिताना सगळ्यात जास्त तळमळ वाटते. स्थळं यायला लागली की इंजेक्शन बंद होतं, कारण दर तीन आठवड्यांनी दवाखान्यात जाणं लपत नाही. सासरी गेल्यावर सांगायचं धैर्य होत नाही. मग दिवस राहतात. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण वाढतं, हृदयाला जास्त काम पडतं, आणि अरुंद झडपेला ते पेलत नाही. कित्येकींचा आजार घरच्यांना तेव्हाच कळतो.

पेनिसिलिन गरोदरपणात आणि अंगावर पाजतानाही सुरक्षित आहे. पाळी चालू असताना घ्यायलाही हरकत नाही. ते ‘गरम पडतं’, त्याने मूल राहत नाही, या समजांना आधार नाही. धोका असतो तो इंजेक्शन सोडण्यात आणि झडपेची अवस्था न तपासता दिवस राहण्यात. म्हणून लग्नाच्या आधी इको काढून घ्यावा, होणाऱ्या नवऱ्याला सोबत नेऊन डॉक्टरांशी बोलावं.

रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर टोचणाऱ्याला आधी सांगा. इंजेक्शन बंद करायची गरज सहसा पडत नाही, पण आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते दाखवणारा आकडा, मर्यादेत हवा, आणि त्या जागी मोठी सूज किंवा काळंनिळं झालं तर दाखवायला जावं. दाताच्या डॉक्टरांनाही सांगा. दात काढण्याआधी हृदयाच्या काही रुग्णांना अँटिबायोटिकचा एक डोस द्यावा लागतो, आणि तुमचं पेनिसिलिन चालू असल्यामुळे तो वेगळ्या गटातला निवडावा लागतो. इंजेक्शननंतर काही दिवसांनी पुरळ, ताप किंवा सांधेदुखी सुरू झाली, तर पुढची तारीख येण्याआधी भेटा.

तारीख चुकली तर पुढच्या महिन्याची वाट बघू नका. शक्य तितक्या लवकर घ्या आणि २१ दिवस त्या दिवसापासून मोजा. गावाला जायचं असेल तर दोन-चार दिवस आधी घेतलेलं चालतं. कार्डावर प्रत्येक डोसची तारीख, युनिट आणि टोचल्याची बाजू लिहून घ्या, आणि त्याचा फोटो घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलमध्येही ठेवा.