रनिंग फुटाचा ओटा

स्वयंपाकघराचा ओटा नवा करायचा होता. ग्रॅनाइट बसवणारे मामा टेप घेऊन आले, भिंतीपासून खिडकीपर्यंत आणि तिथून कोपरा वळून फ्रिजपर्यंत मोजत गेले. मग कानामागची पेन्सिल काढून म्हणाले, "साडेअकरा रनिंग फूट भरतंय, ताई." आई शेजारीच गवार मोडत बसली होती. तिनं मान वर न करता विचारलं, "ओटा पळून चाललाय का कुठं?"

मामांनी तिला शांतपणे समजावलं. स्क्वेअर फुटात लांबी-रुंदी दोन्ही धरायची, रनिंग फुटात नुसती लांबी. उत्तर अगदी बरोबर होतं, पण आईचा प्रश्नही चुकीचा नव्हता. जागचा न हलणारा दगड इंग्रजीत धावतो कसा?

त्या दिवसापासून मला न धावणारे 'रन' जागोजागी दिसायला लागले. रेल्वेच्या मोठ्या जंक्शनांवर 'रनिंग रूम' असते. तिथं लोको पायलट आणि गार्ड दोन फेऱ्यांच्या मधे जेवतात आणि झोपतात. म्हणजे धावण्याच्या खोलीत फक्त झोपायचं! क्रिकेटमध्ये फलंदाज षटकार मारतो आणि बॅटवर रेलून चेंडू कुठं गेला ते बघत उभा राहतो. पाऊलही न टाकता त्याच्या नावावर सहा 'रन' लागतात. बँक बुडणार अशी कुजबुज सुरू झाली की ठेवीदार पैसे काढायला जमतात, त्यालाही इंग्रजीत बँकेवरचा 'रन' म्हणतात. प्रत्यक्षात ती सगळी माणसं पासबुक हातात धरून तासन्‌तास रांगेत उभी असतात.

तीन अक्षरांच्या या शब्दाचे किती अर्थ होतात, हे मोजण्याचं काम ज्यांच्याकडे होतं त्यांची गोष्ट आधी सांगायला हवी.

ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशाची कल्पना लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत १८५७ साली पुढे आली. १८७९ मध्ये जेम्स मरे संपादक झाले आणि त्यांनी घराच्या आवारात पत्र्याची एक खोली उभारली. जगभरचे वाचक पुस्तकं वाचून, एकेक शब्द वापरलेलं वाक्य चिठ्ठीवर उतरवून त्यांना पाठवत. चिठ्ठ्यांचा लोंढा एवढा होता की ऑक्सफर्डला त्यांच्या दारासमोर टपाल खात्याला खास पत्रपेटी बसवावी लागली. मरे यांची मुलं खाऊच्या पैशांसाठी चिठ्ठ्या अकारविल्ह्यानं लावत. पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि शेवटचा १९२८ मध्ये. मरे १९१५ मध्येच गेले होते.

शब्दाचे अर्थ ठरवायचे म्हणजे चिठ्ठ्यांचे ढीग करायचे. 'माणूस धावतो' एका ढिगात आणि 'घोडा धावतो' त्याच ढिगात, इथपर्यंत सोपं आहे. 'नदी' आली की हात थबकतो. तिचा ढीग वेगळा करायचा का? मग गळणारं 'नाक' कुठं ठेवायचं, तेही इंग्रजीत रनच होतं? नदीजवळ, की त्याचा तिसरा ढीग? भांड्यात रंग सोडणारी साडी नाकाजवळ ठेवायची का? कोशकारांत ढीग फोडणारे असतात तसे ढीग जुळवणारेही असतात, आणि अर्थांचा आकडा बराचसा टेबलाशी कोण बसलंय यावर ठरतो. म्हणून मी पुढे जे आकडे देणार आहे ते आदरानं वाचावेत, पण तिजोरीत ठेवू नयेत.

१९८९ साली या कोशाची वीस खंडांची दुसरी आवृत्ती आली, तेव्हा सगळ्यात लांब नोंद 'सेट' या क्रियापदाची होती. नुसत्या क्रियापदाचेच ४३० अर्थ, आणि जोडशब्द-वाक्प्रचार धरून मजकूर सुमारे ६०,००० शब्दांचा! तिसऱ्या आवृत्तीचं काम सुरू झालं आणि सेटचं सिंहासन डळमळलं. २००० मध्ये 'मेक' पुढे गेला, २००७ मध्ये 'पुट', आणि २०११ मध्ये 'रन'नं सगळ्यांना मागं टाकलं. अर्थ भरले ६४५. पीटर गिलिव्हर या संपादकानं या एका क्रियापदासाठी नऊ महिने घालवले. आपल्याकडं एवढ्या काळात बाळंतपण होतं.

रनच का जिंकला? सायमन विंचेस्टर या लेखकानं त्याच वर्षी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं की याचं श्रेय यंत्रांना आहे. गाडी रन होते, घड्याळ रन होतं, कारखाना रन होतो, शेवटी संगणकावरचा प्रोग्रॅमही रन होतो. सेट हा मांडून ठेवण्याचा, बसवण्याचा शब्द आणि रन हा चालू असण्याचा, म्हणून चालू असण्याच्या युगात रन पुढे सरकला. मला हे पटतं, पण अर्धंच. कारण यंत्रं येण्याच्या कितीतरी आधी हा शब्द पायांवरून उतरला होता. जुन्या इंग्रजीत त्याचं रूप होतं 'रिनन', आणि अक्षरांची अदलाबदल होऊन झालेलं दुसरं 'इर्नन'. नुकसानचं नुसकान होतं, मतलबचं मतबल होतं, तसंच. त्याच्या जर्मन भावंडांत आजही 'रेनेन' म्हणजे धावणं आणि 'रिनेन' म्हणजे झिरपत वाहणं. म्हणजे पाणी या शब्दात पहिल्यापासून होतं. एकदा पाणी रन होऊ लागलं की रक्त, शाई, वाळू, काळ, अफवा आणि घराण्यातलं टक्कल या साऱ्यांना वाट मोकळी होते. आणि पाण्यासारखं जे सलग, न तुटता पुढं जातं तेही रनच: कुंपण, किनारा, रस्ता. आमचा ओटा त्यातलाच.

इथं आपण हसायचं कारण नाही. आपलाही रस्ता नाशिकला 'जातो'. हा रस्ता कुठं जातो असं विचारल्यावर, "कुठं नाही बुवा, मी लहानपणापासून इथंच बघतोय" म्हणणारा म्हातारा प्रत्येक गावात भेटतो.

मात्र रन मराठीत आणायला बसलं की त्याचे तुकडे तुकडे होतात. नदी वाहते, नाक गळतं, साडीचा रंग जातो, दुकान चालतं, गाडी सुटते, भाडेकरार अमुक तारखेपर्यंत असतो, ताप येतो, साखर संपते. लंडनचं 'द माउसट्रॅप' १९५२ पासून रन होतंय म्हणतात, करोनाकाळातला खंड वगळता. आपल्याकडं नाटकाचे प्रयोग होतात. अमेरिकेत माणूस निवडणुकीसाठी 'रन' करतो आणि ब्रिटनमध्ये त्याच निवडणुकीला 'स्टँड' करतो. मराठीत तो उभाही राहतो आणि लढवतोही. धावतो फक्त तिकिटासाठी. शिवणातला धावदोरा तेवढा इंग्रजीशी टाक्याला टाका जुळतो.

समानार्थी शब्दांचं काय? अमरकोश पाठ करणाऱ्या आपल्या पूर्वजांना एकेका वस्तूची नावं श्लोकात मिळत. इंग्रजीला तसा प्रसिद्ध ठेवा पीटर मार्क रॉजे या डॉक्टरनं दिला. १८०५ मध्ये स्वतःच्या सोयीसाठी सुरू केलेली यादी त्यानं १८५२ मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी छापली. अशा कोशात रनशेजारी स्प्रिंट, जॉग, ट्रॉट, बोल्ट वगैरे मंडळी बसलेली असतात. पण जॉगिंग करणारा बोल्ट करत नाही, आणि चोर पोलिसांना पाहून जॉगिंग करत नाही. शेजार असला म्हणजे सोयरीक असतेच असं नाही.

मराठीत तर हे फारच उघड दिसतं. धावणे आणि पळणे हे शाळेच्या वहीत समानार्थी शब्द. पण शेजारी अडचणीत धावून येतो, पळून येत नाही. मुलगी लग्नासाठी पळून जाते, तिला धावून गेली म्हटलं तर ती कुणाच्या तरी मदतीला गेली असं वाटेल. इंग्रजी एकच रन ठेवतं आणि मागं छोटी अव्ययं जोडून दिशा बदलतं. आपण दिशा क्रियापदातच भरून ठेवली: धाव कुणाकडे तरी, पळ कशापासून तरी. एक मात्र कबूल करायला हवं, खरी समृद्धी आपण दुसऱ्या खात्यात ठेवली आहे. पळ काढणे, धूम ठोकणे, सूंबाल्या करणे, काढता पाय घेणे, आणि सोंगट्यांच्या दानावरून आलेला पोबारा!

आणि इंग्रजीचा रन पाहून दिपून जाणाऱ्यांनी एकदा आपलं 'लागणे' समोर ठेवावं. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, लग्न लागतं, निकाल लागतो. तंबोरा लागतो. दूध लागतं तेव्हा घरभर वास सुटतो. घाटात बस लागते तेव्हा पुढच्या सीटवरचे सावध होतात. डोळा लागतो, वेड लागतं, वाट लागते, आणि चुलत्याची बायको आपली काकू लागते. इंग्रजीत यातल्या जवळजवळ प्रत्येकाला नवं क्रियापद शोधावं लागतं. (हे पाहा, आणखी एक लागलं.) मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची, म्हणजे लंडनमध्ये त्या थोरल्या कोशाची नुसती चर्चा चालू होती त्या सालची. हा इंग्रज लष्करी अधिकारी लागणेचे ढीग लावायला बसला असेल तेव्हा त्याला काय काय लागलं असेल?

परत रनकडे. मराठी क्रिकेटनं त्याला 'धाव' म्हटलं. धावफलक, धावचीत हे शब्द बाळ ज. पंडितांसारख्या समालोचकांच्या आवाजात रेडिओवरून घराघरांत पोचले. सुरुवातीच्या इंग्रजी क्रिकेटमध्ये गुण ठेवणारा काठीवर खाच पाडत असे आणि धावेलाही खाचच म्हणत. ती खाच मराठीत आली असती तर आपण शतकाला शंभर खाचा म्हटलं असतं. धाव आली ते बरं झालं, कारण तिच्या अंगात हे सगळं आधीपासून होतं. संस्कृत धातुपाठात धाव् या धातूचे दोन अर्थ दिलेत, गती आणि शुद्धी. बैलगाडीच्या चाकावरच्या लोखंडी पट्ट्यालाही धाव म्हणतात. लोहार ती लालभडक तापवून लाकडी चाकावर चढवतो आणि पाणी ओततो, मग ती आकसून चाकाला गच्च धरते. संकटात देवाचा धावा करतात तो हिचाच भाऊ. सरड्याची धाव तर कुंपणापर्यंत ठरलेलीच.

आणि मोटेची धाव. विहिरीच्या काठापासून खाली गेलेला उतार. बैल त्या उतारावरून खाली जात तशी भरलेली मोट वर येई. बैल मागं मागं चढून आले की मोट पुन्हा पाण्यात. धावण्याच्या जागेलाच धाव म्हणायचं, कोंबड्यांच्या जाळीदार आवाराला इंग्रज 'रन' म्हणतात तसं. आमच्या आजोळी ही धाव मी पाहिली आहे ती रिकामीच. विजेची मोटर बसून कितीतरी वर्षं झाली होती, उतार बुजवून सपाट केला होता, मोटेचं चाक गोठ्यात पडलं होतं.

गेल्या मे महिन्यात तिकडं गेले. गाडी कुठं लावू, म्हणून वेशीतूनच मामेभावाला फोन केला. "धावंवर लाव की," तो म्हणाला, "तिथं दिवसभर सावली असते."