मुलाच्या हाती कोणती चावी द्यावी?

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी अंजूरच्या गोदामांमधून मालवाहतूक करणारे एक गृहस्थ आमच्याकडे आले. त्यांचा मुलगा आमचा जुना विद्यार्थी. नुकताच अठरा पूर्ण झालेला, हातात नवे लायसन्स. मुंबईत एक जुनी परदेशी गाडी विक्रीला आहे, दोनच सीटची, छत मागे दुमडणारी, आणि मुलाने तिचाच हट्ट धरला आहे. अम्मीचा सक्त विरोध. वडील म्हणाले, "सर, एवढी महाग गाडी म्हणजे मजबूत असणारच ना? तुम्हीच सांगा."

प्रश्न एका घरापुरता नाही. बीएमडब्ल्यू झेड-४ किंवा आखाती देशांत दिसणारी माझदा एमएक्स-५ अशा गाड्यांचे व्हिडिओ आज प्रत्येक मुलाच्या मोबाईलवर आहेत. म्हणून आम्ही त्यांना जे सांगितले, ते वाचकांपुढेही ठेवतो.

अशा गाडीत इंजिनची ताकद मागच्या चाकांना जाते. आपल्याकडच्या बहुतेक लहान मोटारींत ती पुढच्या चाकांना जाते. फरक कळायला पुस्तक नको, कोणत्याही पिकअप टेम्पोच्या ड्रायव्हरला विचारावे. रिकामा टेम्पो पावसात वळणावर जोरात रेटला की मागून घसरतो, कारण त्याचीही मागचीच चाके ओढतात आणि मागे वजन नसते. स्पोर्ट्स कारमध्ये वजन नीट वाटलेले असते, पण ताकद कितीतरी जास्त. ओल्या वळणावर ॲक्सिलरेटर जास्त दाबला की मागची चाके पकड सोडतात आणि गाडीची शेपूट बाहेर फिरते. नवखा मुलगा घाबरून पाय एकदम उचलतो. त्याने वजन पुढे झुकते, मागची चाके आणखी हलकी होतात आणि गाडी गरकन फिरू शकते. पुढच्या चाकांची गाडी वळणावर घसरली तर सहसा सरळ पुढे जाऊ पाहते, तिथे पाय उचलल्याने बहुधा फायदाच होतो. म्हणजे घाबरलेल्या माणसाची पहिली हालचाल एका गाडीत उपयोगी पडते, तर दुसरीत घात करते.

यावर उपाय निघाला आहे. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल ही यंत्रणा घसरण ओळखून एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावते आणि इंजिनची ताकद कमी करते. पण जुन्या गाडीत ती आहे का, चालू आहे का, हे तपासावे लागते. अनेक गाड्यांत ती बंद करायचे बटण असते आणि मुलांना नेमके तेच बटण आधी सापडते.

दुसरी बाब छताची. डोक्यावर पोलादी छत नसले तर गाडी उलटल्यावर आधार उरतो पुढच्या काचेच्या भक्कम चौकटीचा आणि सीटमागच्या कमानींचा. तो आधार पट्टा बांधलेल्यालाच मिळतो. पट्टा नसलेला माणूस बाहेर फेकला जातो.

तिसरी बाब वजनाची. एमएक्स-५ साधारण एक टनाची. आपल्या अंजूरफाटा–माणकोली रस्त्यावर तिच्या शेजारून चाळीस टनांच्या पुढचे भरलेले कंटेनर जातात. इतकी बुटकी गाडी उंच केबिनमधल्या ड्रायव्हरला जवळ आल्यावर दिसतही नाही. सांडलेले डिझेल, पाण्याखाली झाकलेले खड्डे आणि रात्री दिवे न लावता उभे केलेले ट्रेलर वेगळेच.

तरीही आम्ही त्यांना म्हटले, दोष एकट्या गाडीला देऊ नका. सप्टेंबर २०२२ मध्ये शेजारच्या पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा भक्कम, महागड्या गाडीत अंत झाला. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा बांधला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला चौपट अंतर लागते, हे गणित आम्ही वर्गात फळ्यावर मांडतो. किंमत भरून ते बदलत नाही.

१९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातल्या पोर्शने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. तीनशे शब्दांच्या निबंधाची अट घालून मिळालेल्या जामिनावर देशभर संताप उसळला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायदा स्पष्ट आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही.

हे ऐकून ते गृहस्थ बराच वेळ गप्प बसले. मग हळूच म्हणाले, "सर, पंधराव्या वर्षापासून तो गोदामाच्या आवारात माझा पिकअप चालवतो. मागच्या वर्षी रात्री पावसात रस्त्यावर घेऊन गेला, मागून घसरला, दुभाजकाला लागला. आम्ही कुणाला सांगितले नाही. त्याच्या अम्मीला मात्र कळले होते."

म्हणजे घरातल्या बाईचा विरोध भित्रेपणाचा नव्हता. तिला माहीत होते, आणि तिचे कुणी ऐकले नव्हते.

न्यूझीलंडने १९८७ पासून तरुणांना टप्प्याटप्प्याने लायसन्स द्यायला सुरुवात केली. सुरुवातीच्या काळात रात्री दहा ते पहाटे पाच एकट्याने गाडी चालवायची नाही आणि अनुभवी चालक शेजारी नसेल तर मित्रांना बसवायचे नाही. आपल्याकडे मोटारीसाठी असा नियम नाही, पण घरात करायला कोण अडवते? आमचा सल्ला असा: पहिले वर्ष घरातली साधी, लहान, पुढच्या चाकांवर ओढणारी गाडी, एअरबॅग आणि एबीएस असलेली. एक पूर्ण पावसाळा वडील शेजारी बसून. रात्री नाही, मित्रांचा घोळका नाही, मोबाईल नाही. पट्टा सर्वांना, मागे बसणाऱ्या दादी-नानींनाही. छत उघडणारी गाडी त्यानंतरही मिळू शकते. अनुभवी हातात ती वाईट नाही. पहिली गाडी म्हणून मात्र नको.

मुलगा आमच्यावर रुसला आहे. ईदच्या दिवशी सलाम केला, पण नेहमीसारखा थांबला नाही. चालेल. रुसलेला विद्यार्थी वर्षभराने परत बोलू लागतो. चावी घरात खुंटीवर आहे आणि तो मागेल तेव्हा वडील सोबत निघतात, असे त्याच्या अम्मीने आमच्या घरी निरोप पाठवून कळवले.