साइट उघडत नाही, नुसतं चक्र फिरतंय? फोन फॉरमॅट मारण्याआधी एवढं करून बघा

तालुका प्रतिनिधी :
मागच्या जुलैतली गोष्ट. संध्याकाळी शेजारचे तात्या फोन घेऊन घरी आले. एका योजनेचा अर्ज भरायला तीन दिवस उरले होते आणि साइट काही उघडत नव्हती. बोट लावलं की चक्र फिरायचं, मग पांढरं पान. बाजारातल्या मोबाइलवाल्याने सांगितलं होतं, "फॉरमॅट मारावा लागेल, सकाळी आणून द्या."

मी म्हटलं, "तात्या, थांबा जरा." कारण त्याच्या आदल्या वर्षी मी असाच फोन फॉरमॅट मारून घेतला होता. फोन पळायला लागला, पण अतिवृष्टीत पाण्याखाली गेलेल्या सोयाबीनचे फोटो गेले ते गेलेच. नुकसानीचं सांगायला गेलो तेव्हा दाखवायला हातात काही नव्हतं.

तात्यांचा फोन अर्ध्या तासात नीट झाला. एक फोटोही गेला नाही. काय केलं ते क्रमाने सांगतो. बहुतेकांच्या फोनमध्ये क्रोम असतं, म्हणून त्याचंच सांगतो.

1) आधी दोष कुठं आहे ते ओळखा

दुसरी एखादी साइट उघडून बघा. ती पटकन उघडली तर रेंज आणि फोन ठीक आहे, अडचण त्या एका साइटची आहे. शेवटच्या दिवशी सगळा जिल्हा एकदम अर्ज भरायला बसतो, तेव्हा असं होतं. पहाटे किंवा रात्री उशिरा परत बघा.

कुठलीच साइट उघडत नसेल तर डेटा तपासा. रोजचा कोटा संपला की बऱ्याच पॅकमध्ये वेग 64 केबीपीएसवर येतो. त्यात व्हॉट्सअॅपचा मेसेज जातो, पण अर्जाचं पान उघडत नाही.

2) टॅब बंद करा, जागा मोकळी करा

क्रोममध्ये वर चौकोनात आकडा दिसतो, तेवढी पानं उघडी आहेत. तात्यांच्या चौकोनात आकडाच नव्हता, :D असं चिन्ह होतं. म्हणजे 99 पेक्षा जास्त टॅब! सगळे बंद केले आणि फोन बंद करून चालू केला.

फोनची मेमरी काठोकाठ भरली असेल तरी क्रोम अडखळतं. व्हॉट्सअॅपवर आलेले गुड मॉर्निंगचे फोटो आणि व्हिडिओ आधी काढा. शेताचे, कागदपत्रांचे फोटो ठेवा.

3) कॅशे साफ करा

रोज बाजारात जायला नको म्हणून आपण घरात किराणा भरून ठेवतो, तसं क्रोम साइटची चित्रं आणि फाइली फोनमध्ये साठवतं. त्याला कॅशे म्हणतात. साइट बदलली आणि फोनमध्ये जुनाच माल राहिला की बटणं चालत नाहीत, पान अर्धवट दिसतं.

वरच्या तीन टिंबांवर जाऊन 'न्यू इनकॉग्निटो टॅब' उघडा आणि तीच साइट टाका. तिथं नीट चालली तर दोष बहुतेक जुन्या साठ्याचा आहे. मग तीन टिंबं, हिस्ट्री आणि 'डिलीट ब्राउझिंग डेटा' असं जा. जुन्या फोनवर 'क्लिअर ब्राउझिंग डेटा' दिसेल. तिथं फक्त 'कॅश्ड इमेजेस अँड फाइल्स' वर टिक ठेवा. गॅलरीतले फोटो यात जात नाहीत. तरीही साइट चालली नाही तर कुकीज काढा, पण मग सगळीकडे परत लॉगिन करावं लागतं. युजर आयडी आणि पासवर्ड आधी वहीत लिहून घ्या. 'पासवर्ड्स' वर मात्र टिक करू नका.

4) 'व्हायरस आला' म्हणणाऱ्या नोटिफिकेशन बंद करा

तात्यांच्या फोनमध्ये खरी गोम इथं होती. दर पाच मिनिटाला "तुमच्या फोनमध्ये 13 व्हायरस" असा मेसेज यायचा. तो व्हायरस नव्हता. सिनेमा किंवा निकाल बघताना कुठल्या तरी साइटने 'अलाउ' विचारलं होतं आणि तात्यांनी दाबलं होतं. तेव्हापासून ती साइट जाहिराती पाठवत होती. त्यातल्या एका जाहिरातीवरून तात्यांनी 'फोन साफ करणारं' अॅपही घेतलं होतं. फोन आणखी जड झाला तो त्याच्यामुळेच. ते अॅप काढून टाकलं.

क्रोमच्या सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स उघडा. 'अलाउड' खाली अनोळखी साइट दिसतील, त्या एकेक ब्लॉक करा. असल्या मेसेजवर बोट लावून पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

5) अपडेट आणि तारीख बघा

प्ले स्टोअरवरून क्रोम आणि 'अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू' दोन्ही अपडेट करा. बऱ्याच अॅपच्या आत उघडणारी पानं वेबव्ह्यूवर चालतात. मार्च 2021 मध्ये त्याच्या एका बिघडलेल्या अपडेटमुळे जगभर अॅप बंद पडत होते, नव्या अपडेटनेच ते सुरू झाले. अँड्रॉइड 10 पेक्षा जुन्या फोनला आता क्रोमची नवीन आवृत्ती मिळत नाही. तशा फोनवर अडून बसू नका, घरातल्या दुसऱ्या फोनवरून अर्ज भरा.

'युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट' असं आलं तर फोनची तारीख बघा. बॅटरी पूर्ण उतरल्यावर कधी कधी ती चुकते. तारीख बरोबर असूनही तेच येत असेल तर तिथं आधार नंबर, पासवर्ड काही टाकू नका.

एक गोष्ट विसरू नका

पैसे भरताना चक्र फिरत राहिलं तर परत परत बटण दाबू नका. आधी बँकेचा मेसेज बघा, नाहीतर दोनदा पैसे कापले जायचे.

एवढं करूनही जमलं नाही आणि फॉरमॅटच मारायची वेळ आली, तर आधी फोटो आणि नंबर दुसरीकडे घ्या आणि मगच फोन दुकानात द्या.

तात्यांचा अर्ज त्याच रात्री साडेअकराला गेला. पावतीची पीडीएफ त्यांनी मुलाच्या फोनवरही पाठवून ठेवली. तुम्हीही तसंच करा, आणि मुदतीच्या शेवटच्या दिवसाची वाट बघू नका.