पदवी हाती आली. पगार का वाढला नाही?

शाळा सुटते, मुले घरी जातात आणि पाठोपाठ गुरुजीही घरी येतात. रात्रीची जेवणे आटोपली की घरातील बाकीची माणसे अंथरुणाला पाठ टेकतात. गुरुजी मात्र पुन्हा दिव्याखाली पुस्तक उघडून बसतात. पदवीची परीक्षा जवळ आलेली असते. फी भरण्यासाठी घराची डागडुजी एक वर्ष पुढे ढकललेली असते, किंवा मुलीच्या लग्नासाठी बाजूस ठेवलेल्या पैशांना हात लागलेला असतो. अशी दोन-तीन वर्षे जातात. एके दिवशी प्रमाणपत्र हाती येते, शेजारीपाजारी पेढे वाटले जातात. आणि पुढच्या महिन्याचा पगार पाहावा, तर तो होता तेवढाच!

बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमाभागात असे घर शोधावयास दूर जावे लागणार नाही. जिरायती शेतीच्या या मुलखात गावोगावच्या अनेक कुटुंबांचा भार एका शिक्षकाच्या पगारावर चाललेला असतो. म्हणून उच्च पदवी मिळविणाऱ्या शिक्षकास अधिक वेतनाचा हक्क आहे की नाही, हा प्रश्न केवळ शिक्षकांचा नाही. तो त्यांच्या मागे उभ्या असलेल्या साऱ्या घराचा आहे. वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर आपण समजतो तितके सरळ नाही. यास्तव ते थोडे सविस्तर पाहू.

एक जिल्हा, तीन राज्ये

प्रथम थोडा पूर्वेतिहास. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली. जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्याकडे गेले आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. जहिराबाद व नारायणखेडचा भाग आंध्र प्रदेशास मिळाला. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद व कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, हा भाग म्हैसूर राज्यात राहिला. त्याच राज्यास पुढे १९७३ मध्ये कर्नाटक हे नाव मिळाले. गुलबर्गा जिल्हाही तिकडेच गेला. गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले ते अलीकडे, २०१४ मध्ये.

त्या दिवशी शिक्षकांचीही वाटणी झाली. आदल्या दिवसापर्यंत एकाच जिल्ह्याच्या सेवेत असलेले गुरुजी तीन राज्यांचे सेवक झाले. राज्य पुनर्रचनेच्या कायद्याने कलम ११५ मध्ये त्यांस एक आश्वासन दिले होते. पूर्वीच्या सेवेच्या अटी केंद्र सरकारच्या पूर्वसंमतीवाचून सेवकाचे नुकसान होईल अशा रीतीने बदलता येणार नाहीत, असे ते होते. हे आश्वासन मोलाचे खरे. परंतु ते होते त्या अटी राखण्यापुरते होते. पुढे वेतनाचे नियम ज्या त्या राज्याने आपापल्या परीने केले. तेव्हापासून सीमेच्या दोन्ही बाजूंस एकाच बोलीत शिकविणाऱ्या दोन शिक्षकांस एकाच पदवीचे निराळे फळ मिळू लागले.

त्या काळी पदवी मिळविणे हेच मुळात दुर्घट होते. हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये स्थापन झाले, पण निजामाच्या राजवटीत तेथील शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. घरी मराठी, बाजारात कानडी आणि परीक्षेत उर्दू, अशी तिहेरी कसरत विद्यार्थ्यास करावी लागे. गुलबर्ग्यास स्वतंत्र विद्यापीठ मिळाले ते १९८० मध्ये. आज मुक्त विद्यापीठांमुळे खेड्यातील शिक्षकासही घरी राहून शिकता येते. वाट सुकर झाली, म्हणून त्या वाटेने जाणारे वाढले. आणि त्याचबरोबर निराश होणारेही वाढले.

वेतन जाते पदाबरोबर

निराशेचे मूळ एका गोष्टीत आहे. आपली समजूत अशी की पगार माणसाच्या विद्येला मिळतो. सरकारी हिशेबात तो पदाला मिळतो. कर्नाटकातील २०१८ च्या वेतनश्रेणी पाहिल्या म्हणजे हे स्पष्ट होते. प्राथमिक शिक्षकाचे मूळ वेतन २५,८०० रुपयांपासून, सहावी ते आठवीच्या पदवीधर प्राथमिक शिक्षकाचे २७,६५० पासून, माध्यमिक शाळेतील शिक्षकाचे ३३,४५० पासून, आणि पदवीपूर्व महाविद्यालयातील व्याख्यात्याचे ४३,१०० पासून सुरू होई. १ ऑगस्ट २०२४ पासून या साऱ्याच पायऱ्या उंचावल्या, पण त्यांचा क्रम तोच राहिला. खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या शिक्षकाने एम.ए. केले म्हणून तो आपोआप वरच्या पायरीवर जात नाही. वर जाण्यास पदोन्नती किंवा नवी निवड व्हावी लागते.

पदवीधर प्राथमिक शिक्षक ही पायरी तशी नवीनच आहे. बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा २००९ मध्ये झाला आणि २०१० मध्ये राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी पदवीधर शिक्षक ठरविला. त्याप्रमाणे कर्नाटकाने २०१७ च्या सुमारास नियम बदलून वेगळी श्रेणी निर्माण केली. पूर्वी पहिली ते सातवीसाठी नेमले गेलेले शिक्षक यामुळे पहिली ते पाचवीचे ठरले. त्यांतील कित्येक जण पदवीधर आहेत. सातवीचा वर्ग त्यांनी वर्षानुवर्षे सांभाळला आहे. आम्हांस नव्या श्रेणीत सामावून घ्या, अशी त्यांची मागणी आहे आणि त्यासाठी ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यभरचे शिक्षक बंगळूरमध्ये एकत्र आले होते. ही मागणी रास्त वाटते. जे काम मनुष्य प्रत्यक्ष करीत आला, त्या कामाची पात्रताही ज्याच्यापाशी आहे, त्यास खालच्या पायरीवर ठेवणे हे कोणत्या न्यायात बसते?

आता सीमेपलीकडे उदगीरकडे पाहा. महाराष्ट्रात १९८९ पासून शिक्षकांस बारा वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ श्रेणी आणि आणखी बारा वर्षांनी निवडश्रेणी देण्याची पद्धत आहे. निवडश्रेणी सर्वांस मिळत नाही. ती मर्यादित जागांपुरती असते आणि तीसाठी शिक्षकाने सेवेत असताना आपली शैक्षणिक पात्रता वाढविलेली असावी लागते. म्हणजे तेथे पद न बदलताही पदवीचा उपयोग होतो. मात्र त्यासाठी चोवीस वर्षे वाट पाहावी लागते. महाविद्यालयांत आणखी निराळा प्रकार. २००८ च्या वेतन योजनेत सेवेत असताना पीएच.डी. करणाऱ्या अध्यापकास तीन आगाऊ वेतनवाढी ठेवल्या होत्या. केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी २०१९ मध्ये तिसरा मार्ग काढला: वेतन न वाढविता, उच्च पात्रतेबद्दल १०,००० ते ३०,००० रुपयांचे एकरकमी बक्षीस.

पदवी सर्वत्र तीच. फळ मात्र चार ठिकाणी चार प्रकारचे. कारण फळ देणारा नियम वेगळा आहे.

न्यायालयाचा कौल

हीच गोष्ट न्यायालयांच्या निर्णयांतूनही दिसून येते. पंजाब सरकारने २३ जुलै १९५७ रोजी एक पत्र काढून शिक्षकांचे वेतन त्यांच्या पात्रतेनुसार ठरविले होते. पुढे खालच्या पदावरील ज्या शिक्षकांनी बी.ए., बी.टी. केले त्यांनी वरची श्रेणी मागितली. सरकार नाकारू लागले, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७५ मध्ये शिक्षकांचा हक्क मान्य झाला. हरियाणातील चमन लाल यांच्या प्रकरणात १९८७ मध्ये त्याच तत्त्वाचा पुनरुच्चार झाला. शिक्षकांस मोठा दिलासा मिळाला.

पण पुढे काय झाले? हरियाणा सरकारने १९९० मध्ये धोरणच बदलले. त्यानंतरच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, शिक्षक ज्या पदावर नेमला आहे त्या पदाचेच वेतन त्यास मिळावयाचे. केवळ उच्च पदवी मिळविल्याने वरच्या पदाचे वेतन मागता येत नाही. हे दोन निर्णय परस्परविरोधी नाहीत. १९५७ चे पत्र होते तोवर हक्क होता. पत्राचा आधार गेला आणि हक्कही गेला.

जुन्या पिढीतील एका मराठी माणसाची येथे आठवण होते. १९६४ ते १९६६ या काळात डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली जो शिक्षण आयोग काम करीत होता, त्याचे सदस्य-सचिव कोल्हापूर जिल्ह्यातील जे. पी. नाईक होते. त्या आयोगाने शिक्षकांच्या वेतनाची रचना पात्रतेच्या पायऱ्यांवर सुचविली होती: प्रशिक्षित पदवीधरास २२० ते ४०० रुपये, आणि माध्यमिक शाळेतील पदव्युत्तर शिक्षकास ३०० ते ६००. विद्येला वेतनात स्थान असावे, हा विचार आपल्याकडे नवा नाही. तो नियमांत पुरता उतरला नाही, एवढेच.

सरकारची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. दुसरीच्या वर्गास शिकविणारे दोन शिक्षक, एक पदविकाधारक व दुसरा एम.ए.; काम एक, वर्ग एक, मग पगार दोन का? शिवाय शाळेशी संबंध नसलेल्या विषयात केवळ वेतनवाढीसाठी पदवी घेणारेही असतात. या आक्षेपांत तथ्य आहे. परंतु त्यांचे उत्तर सर्वच पदव्यांकडे पाठ फिरविणे हे नव्हे. जी पदवी शिक्षकाच्या विषयाची आहे, जी पूर्वपरवानगीने घेतली आहे आणि जिचा लाभ मुलांस होतो आहे, तिच्यासाठी निदान एक-दोन वेतनवाढींचा निश्चित नियम असावा. मुले शिक्षकाची वाढलेली विद्या फुकट घेतात. राज्यानेही ती फुकट घ्यावी हे शोभत नाही.

खासगी व मिशनच्या शाळांविषयी

आपल्या कित्येक मुली व सुना खासगी संस्थांच्या आणि मिशनच्या शाळांत शिकवितात. शाळेस सरकारी अनुदान असेल तर वेतनश्रेणी सरकारच्या नियमाने चालते. अनुदान नसलेल्या शाळांत मात्र बी.ए., बी.एड्. झालेल्या मुलीस कित्येकदा मजुराच्या रोजाएवढाही मोबदला पडत नाही. येथे १९८६ चा एक निर्णय लक्षात ठेवण्याजोगा आहे. दिल्लीच्या फ्रँक अँथनी पब्लिक स्कूलच्या कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, अल्पसंख्याकांस आपल्या शाळा चालविण्याचा जो घटनादत्त हक्क आहे, त्यात शिक्षकांस कमी वेतन देण्याचा हक्क येत नाही. तो निर्णय दिल्लीच्या कायद्यावरचा असला, तरी त्यातील नीती सर्वत्र लागू पडते. चांगला शिक्षक टिकल्यावाचून शाळेचे अल्पसंख्याक स्वरूपही टिकणार नाही. जी संस्था इतरांकडून न्यायाची अपेक्षा करते तिने तो आपल्या अंगणात आधी दाखवावा.

घरातील मंडळींनी काय करावे?

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. पहिली: फी भरण्यापूर्वी नियम विचारा. क्षेत्र शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन, या पदवीने माझ्या पदावर काय लाभ होईल आणि तो कोणत्या आदेशाने होईल, हे लेखी विचारावे. 'सर्वांस मिळते' असे सांगणारे पुष्कळ भेटतात. आदेशाचा दिनांक सांगणारा क्वचित.

दुसरी: सेवेत असताना प्रवेश घ्यावयाचा तर आधी परवानगी घ्या आणि तिची प्रत जपून ठेवा. शाळेत पूर्ण वेळ हजेरी आणि त्याच तासांना दूरच्या महाविद्यालयातही हजेरी, असे दाखविणारी पदवी पुढे संकटच आणते.

तिसरी: विद्यापीठाची मान्यता तपासा, आणि ती त्या वर्षाची व त्या अभ्यासक्रमाची तपासा. म्हैसूरच्या कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठाचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. २०१२-१३ नंतरच्या काळासाठी त्याची मान्यता नसल्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्ये जाहीर केले. मान्यता पुन्हा मिळाली ती २०१८ मध्ये. मधल्या काळात ज्यांनी प्रामाणिकपणे अभ्यास केला त्यांचे हाल कोणी मोजावेत? सीमाभागातील पुष्कळ शिक्षक नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाकडेही वळतात. राज्याबाहेरील पदवी आपल्या खात्यात ग्राह्य धरली जाते की नाही, हेही आधीच विचारावे.

चौथी: पदवी मिळताच तिची नोंद सेवापुस्तकात करून घ्या, अर्ज द्या आणि पोच घ्या. हक्क असूनही मनुष्य स्वस्थ बसला तर नुकसान त्याचेच होते. वेतनाच्या थकबाकीविषयी सर्वोच्च न्यायालयाने तरसेम सिंग यांच्या प्रकरणात २००८ मध्ये सांगितले आहे की, उशिरा दाद मागणाऱ्यास सामान्यतः दावा दाखल करण्यापूर्वीच्या तीनच वर्षांची बाकी मिळेल.

येथेच एक सावधगिरीची सूचना. १ सप्टेंबर २०२५ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने सेवेतील शिक्षकांच्या पदोन्नतीसाठीही शिक्षक पात्रता परीक्षा आवश्यक ठरविली आहे. ज्यांची सेवा पाच वर्षांहून अधिक उरली आहे, त्यांस सेवेत राहण्यासाठीही ती दोन वर्षांत उत्तीर्ण व्हावयाची आहे. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविला आहे. म्हणून वरच्या पायरीची आशा धरणाऱ्या शिक्षकाने एम.ए.ची पुस्तके उघडण्याआधी या परीक्षेची पुस्तके उघडावीत.

इतके सारे वाचून एखादी गृहिणी विचारील, मग यांनी शिकूच नये काय? जरूर शिकावे. शिकणारा शिक्षक वर्गात निराळा ओळखू येतो आणि खेड्यातील मुलांस त्याच्यासारखा दुसरा आधार नाही. परंतु कुटुंबाने ज्या खर्चासाठी पोटाला चिमटा घ्यावयाचा, त्याचे फळ काय मिळणार हे त्या कुटुंबास आधी ठाऊक असावे. गुरुजी आज रात्री पुस्तक उघडून बसतील, तेव्हा त्या पुस्तकाशेजारी शासनाच्या आदेशाची एक प्रतही असू द्यावी. आणि असा आदेशच नसेल, तर तो निघावा म्हणून चार शिक्षकांनी मिळून अर्ज करावा. त्यावर गावकऱ्यांनीही सह्या कराव्यात. शिक्षक आपल्याच मुलांसाठी शिकतो आहे.