पाळणाघरात लक्ष कोणाचे?

श्रीवर्धनकडच्या सुपारीच्या वाडीत घर, विहीर आणि पाण्याचा हौद एकमेकांपासून फार लांब नसतात. रांगणारे मूल तेवढे अंतर केव्हा काटते, ते कळतही नाही. नवजात बालकाचे डोके त्याच्या लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असते. प्रौढात ते आठव्या भागाइतके भरते. म्हणून दीड वर्षाचे मूल बादलीत वाकले, की डोक्याच्या भाराने आत जाते आणि हातांच्या जोरावर त्याला बाहेर येता येत नाही. नाकतोंड बुडेल एवढे पाणी पुरते. ओरडायला श्वास लागतो. तोच अडल्यामुळे हे सारे बहुधा आवाज न होता घडते.

बांगलादेशातील खेड्यांत अशी लहान मुले बहुतेक सकाळी 9 ते दुपारी 1 च्या दरम्यान, आई कामात गुंतलेली असताना बुडत. म्हणून नेमक्या याच वेळात 'आँचल' नावाची केंद्रे चालवण्यात आली. गावातलीच एक बाई वीस-पंचवीस मुले सांभाळते. केंद्रात येणाऱ्या मुलांत बुडण्याचे प्रमाण निम्म्याहून बरेच कमी झाले. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2021 मध्ये अशा केंद्रांची शिफारस केली. अंगणवाडी म्हटले की आपल्याला खिचडी आणि वजनकाटा आठवतो. अपघात टाळण्याचे साधन म्हणून तिच्याकडे आपण पाहत नाही.

पण मूल दुसऱ्याच्या हाती सोपवले, की त्या हातांचा जाब कोणी घ्यायचा? श्रीवर्धनच्याच रायगड जिल्ह्यात, खारघरच्या एका खाजगी पाळणाघरात, नोव्हेंबर 2016 मध्ये दहा महिन्यांच्या मुलीला मारहाण झाली. कॅमेऱ्याने ती टिपली होती. पण चित्रण पाहिले गेले ते मुलीला इजा झाल्यावर. कॅमेरा असावाच, त्यामुळे पुरावा मिळतो. मात्र उगारलेला हात तो धरत नाही.

पडद्यासमोर माणूस बसवला तर? नॉर्मन मॅकवर्थ या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने रडारवरील पहारेकऱ्यांच्या चुकांचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष 1948 मध्ये प्रसिद्ध झाले. एक काटा ठरावीक टप्प्यांनी सरके आणि क्वचित दुप्पट उडी घेई. ती उडी तेवढी टिपायची. पहिल्या अर्ध्या तासानंतरच अनेक उड्या नजरेतून सुटू लागल्या. यात आळसाचा प्रश्न नव्हता. एकसुरी पहाऱ्यात लक्ष टिकतच नाही. तेव्हा सेविकेला "लक्ष ठेवा" एवढे सांगून, वर रजिस्टरे आणि गृहभेटींची कामे देणे हा तिच्यावर अन्याय आहे, आणि मुलांवरही.

यासाठी थकल्यावरही पाळता येतील अशा गोष्टी हव्यात. बादल्या रिकाम्या आणि पालथ्या. दाराला मुलाच्या हाताला न येणारी कडी. बाहेर नेताना व आत आणताना मुलांची मोजणी. कोणती मुले कोणाकडे, हे नावानिशी ठरलेले. पालकांना न कळवता येण्याची मोकळीक. 2017 च्या मातृत्व लाभ कायद्यातील दुरुस्तीने 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर आणि आईला तेथे दिवसातून 4 वेळा जाण्याची मुभा दिली, ती याच दृष्टीने मोलाची वाटते.

शिवाय एक वही. खरचटणे, चावणे, दाराबाहेर सापडलेले मूल, सारे वेळेसह तीत लिहायचे, आणि त्याबद्दल रागवायचे नाही. नाहीतर लिहिणे बंद होते. शाळेच्या आवारात अंगणवाडी असेल तर ही वही पाहावी. सहा महिने ती कोरी दिसली, तर तेथे कोणी पडलेच नाही असे मात्र समजू नये.